दिसणारें गाणें

नभोवाणीवर गाणें लागलें म्हणजे घरांतील कोणाचें काम अडत नाहीं. भाजी निवडणारीचे हात चालू असतात, आरामखुर्चींतील वृद्ध गृहस्थ डोळे मिटून पडलेले असतात, आणि गाणारी व्यक्ति काळी कीं गोरी, तरुण कीं प्रौढ, उभी कीं बसलेली, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावयाचें असतें. शंभर श्रोते असले तर एका गाण्याचीं शंभर चित्रें तयार होतात, आणि त्यांपैकीं एकहि चूक नसतें. तेंच गाणें पडद्यावर आलें कीं हें स्वातंत्र्य संपलें. तेथें एकच चेहरा, एकच वेष, एकच जागा. आणि तें चित्र एकदां मनांत ठसलें म्हणजे पुढें तें गाणें नुसतें कानांनीं ऐकूं म्हटलें तरी ऐकतां येत नाहीं. डोळे मिटले तरी चित्र आंत दिसतच राहतें.

अमेरिकेंत १ ऑगस्ट १९८१ रोजीं केवळ गाण्यांच्या चित्रफिती दाखविणारी एमटीव्ही नांवाची दूरचित्रवाहिनी सुरू झाली. तिनें आरंभालाच जें गाणें निवडलें त्याचा आशय असा होता कीं, चित्रफितीनें नभोवाणीच्या गायकाचा बळी घेतला! थट्टा मार्मिक होती यांत शंका नाहीं. परंतु त्या गोष्टीला चार दशकें उलटून गेलीं तरी नभोवाणी बोलतेच आहे, आणि त्या थट्टेची हकीकत तिच्याच तोंडून सांगितली जात आहे, एवढें नमूद करण्यास हरकत नसावी.

या ज्या तीन-चार मिनिटांच्या चित्रफिती, त्यांना सर्वत्र म्यूझिक व्हिडिओ म्हणतात. त्यांविषयीं बोलतांना कोणी चालीबद्दल बोलतो, कोणी नाचाबद्दल, कोणी कपड्यांबद्दल. आणि वडीलधारीं माणसें तर बहुधा कपड्यांच्या कमतरतेबद्दलच बोलतात. पण दिसणार्‍या गाण्यांत एकाच वेळीं तीन गोष्टी काम करीत असतात. गाण्याचे शब्द ही एक, डोळ्यांपुढील दृश्य ही दुसरी. आणि तिसरी, जिचा विचार फार थोडे करतात ती म्हणजे गाणार्‍या व्यक्तीची लोकांच्या मनांत बसलेली मूर्ति. शब्द कवीचे असतात, दृश्य दिग्दर्शकाचें असतें. मूर्ति मात्र ना पुरती गायकाची, ना पुरती लोकांची. तीवर दोघांचाहि हक्क, आणि म्हणून भांडणहि तिच्यावरूनच होतें.

शब्द आणि दृश्य यांचा संबंध ओळखणें त्या मानानें सोपें आहे. गाण्यांत चंद्र आला कीं पडद्यावर चंद्र दाखवावयाचा, नदी आली कीं नदी दाखवावयाची, ही झाली अगदीं खालची पायरी. कवितेचा अर्थ लिहा म्हटलें म्हणजे कवितेंतलेच शब्द पुढें-मागें करून लिहिणारे विद्यार्थी असतात, त्यांच्यासारखीच ही तर्‍हा. त्यांना गुण थोडेच मिळतात. दिग्दर्शकांना मात्र पैसे पुरे मिळतात! याहून वरची पायरी म्हणजे शब्दांत नाहीं तें दृश्यांत आणणें. आणि सर्वांत अवघड तर्‍हा म्हणजे शब्द एक म्हणत असतां दृश्यानें दुसरेंच सुचविणें, तेंहि शब्दांचा अपमान न करितां. पण या तिन्ही पायर्‍यांवर निवाडा शेवटीं तिसर्‍या गोष्टीवरच अवलंबून राहतो. तें गाणें कोणाच्या तोंडीं आहे? तेच शब्द, तेंच दृश्य. तोंड बदललें कीं अर्थ बदलतो.

ही विद्या परदेशांतून अलीकडे आलेली नाहीं. आपल्याकडे बोलपट सुरू झाला तो गातच. ‘आलम आरा’ मुंबईस १४ मार्च १९३१ रोजीं प्रकाशित झाला, त्यांत सात गाणीं होतीं. आणि पुढच्याच वर्षीं प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, त्यांत गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे हीं स्वतः गायिलीं. त्या दिवसांत नटाला गातां गातांच चित्रण द्यावें लागे. वाजविणारे जवळपास, पण कॅमेर्‍याच्या नजरेबाहेर बसत. गाणार्‍यानें फार हललें तर आवाज ध्वनिग्राहकापासून दूर जाई, म्हणून तो खांबासारखा उभा राहून गाई. एकाचा आवाज आणि दुसर्‍याचा चेहरा अशी जोडणी करणारें पार्श्वगायन १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें रूढ केलें. प्रभात कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली होती. तेथें १९३६ ते १९३९ या अवधींत निघालेले तीन चित्रपट असे आहेत कीं, शब्द, दृश्य आणि मूर्ति यांचें नातें कसें जुळतें आणि तें कोणाला किती महाग पडतें, हें त्यांवरून जितकें उघड दिसतें तितकें आजच्या शेंकडों चित्रफितींवरूनहि दिसावयाचें नाहीं.

पहिला ‘संत तुकाराम’. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दिग्दर्शक, केशवराव भोळे संगीतकार, आणि तुकोबांच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस. चित्रपटाच्या आरंभींच दिग्दर्शकांनीं जो डाव टाकला आहे तो ध्यानांत घेण्यासारखा आहे. तुकोबा विठ्ठलाचें स्मरण करीत गात असतात. आवाज साधा, चेहरा स्थिर, डोळे अर्धवट मिटलेले. त्यांना आपण ऐकले जात आहों याची जाणीव नाहीं. लगेच दुसर्‍या ठिकाणीं सालोमालो तोच अभंग स्वतःच्या नांवावर म्हणतांना दिसतो. शब्द तेच, पण येथें मान वेळावणें आहे, नाटकी तान आहे, आणि प्रत्येक तानेनंतर लोकांकडे टाकलेला एक चोरटा कटाक्ष आहे. पुढें हाच मनुष्य तुकोबांची रचना विटाळून गणिकेच्या माडीवर नेतो. म्हणजे एकच काव्य तीन तोंडीं आणि तीन जागीं फिरतें, आणि ऐकणार्‍याला कोणी न सांगतां कळतें कीं शब्द चोरतां येतात, शब्दांमागचा मनुष्य चोरतां येत नाहीं. कवीच्या प्रामाणिकपणावर एखादा लांबलचक निबंध लिहूनहि जें पटलें नसतें तें पांच-सात मिनिटांत पटतें. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला तेव्हां तेथील परीक्षकांना मराठी येत असण्याचा संभव नव्हता. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहांत तो वर्षाहून अधिक काळ चालला, तो मात्र मराठी येणार्‍यांच्या जोरावर.

आतां यांतील खरी मौज अशी कीं ज्याच्या तोंडीं हें साधेपण इतकें शोभलें तो नट मूळचा कोण? पागनीसांनीं उमेदीच्या काळांत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या. लाजणें, मुरडणें, पदर सांवरणें ही ज्याच्या अंगांत मुरलेली विद्या, त्याला संतांची भूमिका द्यावी कीं नाहीं याविषयीं आरंभीं दिग्दर्शकहि साशंक होते असें सांगतात. पण त्या जुन्या सरावांतलें जें मार्दव होतें तेंच येथें उपयोगी पडलें. एखाद्या भारदस्त आवाजाच्या पुरुषी नटाचा तुकोबा उपदेशक झाला असता. पागनीसांचा तुकोबा विठ्ठलापुढें लेंकरूं होतो. चित्रपट पाहून बाहेर पडणार्‍याला नट आठवत नसे, संत आठवत. तुकोबा कसे दिसत हें विसाव्या शतकांत कोणीं पाहिलें होतें? पण पुढें कित्येक घरांतून आणि दिनदर्शिकांवरून तुकोबांचें म्हणून जें चित्र लागलें त्याचा तोंडवळा पागनीसांचा होता. शब्दांच्या बाबतींतहि तेंच झालें. त्या चित्रपटांत बीज आणि वृक्ष यांच्या रूपकावर रचलेला एक अभंग आहे. तो गाथेंतला नव्हे. शांताराम आठवले यांनीं चित्रपटासाठींच लिहिलेला आहे. तरी अनेकांनीं तो तुकोबांचाच समजून पाठ केला, आणि अजूनहि भजनांतून तो तसाच म्हटला जातो. कवि नवा, चेहरा नवा. आणि दोन्ही मिळून जें झालें तें जुनें ठरलें! मूर्ति इतकी पक्की बसली कीं तिनें कवीचें नांव गिळलें आणि नटाचेंहि गिळलें.

पागनीसांना मग लोकांनीं संतपदावरून खालीं उतरूं दिलें नाहीं. १९३९ सालीं ते तुलसीदास झाले, १९४० सालीं नरसी भगत झाले, आणि १९४३ सालीं निवर्तले. नमस्कार करणार्‍यांची रीघ ही कांहीं वाईट शिक्षा नव्हे. एका अर्थीं तो भाग्याचा बंदिवास होता. पण असें भाग्य पुरुषाच्या वांट्याला येतें. नटीच्या बाबतींत हिशेब निराळा होतो, तो पुढील दोन चित्रपटांवरून दिसेल.

‘कुंकू’ १९३७ सालचा. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं तो काढला. नीरा नांवाच्या तरुण मुलीला तिचा मामा एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यांत बांधतो, आणि ती हें लग्न मनानें कधींहि मान्य करीत नाहीं. वकिलाचें काम केशवराव दाते यांनीं केलें, नीरेचें शांता आपटे यांनीं. या चित्रपटांत पार्श्वसंगीत नाहीं. घड्याळाची टिकटिक, दारांचे आवाज, रस्त्यावरील वर्दळ, असेंच घरांत आणि दारांत जें ऐकूं येईल तेवढेंच ऐकूं येतें. भिंतीवरचें जुनें घड्याळ आणि घरांतला म्हातारा हीं दोन्ही एकाच सुरांत चालतात. त्यामुळें नीरा गाऊं लागली म्हणजे तें गाणें वरून शिंपडलेल्या अत्तरासारखें वाटत नाहीं; घुसमटलेल्या घरांत कोणीं तरी खिडकी उघडावी तसें वाटतें.

शांताबाईंच्या गाण्याची रीतहि नवी होती. तोंवर पडद्यावर गाणारी नटी समोर बघून उभी राही आणि गाणें संपेपर्यंत तशीच राही. शांताबाईंचे डोळे गाण्याबरोबर फिरत, हात बोलत, भुंवई मध्येंच प्रश्न विचारी. शब्द संपल्यावरहि चेहरा कांहीं क्षण बोलत राही. हा बदल वरवर लहान दिसतो. पण पडद्यावरचें गाणें बैठकींतून उठून संसारांत आलें तें या बदलामुळें. आजच्या चित्रफितींत गायिका कॅमेर्‍याकडे ज्या धिटाईनें पाहते त्या धिटाईची एक पणजी पुण्यांत होती असें म्हणावयास हरकत नाहीं.

या चित्रपटांत नीरेच्या तोंडीं एक इंग्रजी गीतहि घातलें आहे. अमेरिकन कवि लॉंगफेलो याची १८३८ सालची ती कविता, जीवनाच्या रणांत गुरासारखे हांकले जाऊं नका, असें बजावणारी. इंग्रजी शाळांतून ती मुलांकडून पाठ करून घेत, आणि पाठ करणार्‍यांपैकीं फार थोड्यांना रण कोठें आहे तें दिसे. नीरेला तें स्वतःच्या घरांतच दिसलें. मराठी घरांत, मराठी मुलीच्या तोंडीं, परक्या भाषेचे शब्द घालणें ही खरें पाहतां धोक्याची गोष्ट. प्रेक्षक हंसले असते तर सारा डाव फसला असता. तो फसला नाहीं, कारण शब्द परके असले तरी दृश्य घरचें होतें आणि चेहर्‍यावरील संताप ओळखीचा होता. उलट परकी भाषा आल्यामुळें एक गोष्ट अधिकच उठून दिसली. शाळेनें मुलीला जें शिकविलें आणि समाजानें तिला जें भोगावयास लावलें, त्या दोहोंत किती अंतर होतें, हें त्या एका गाण्यांत मावलें.

त्याच चित्रपटांत वकिलाच्या मुलीचें काम शकुंतला परांजपे यांनीं केलें आहे. ही मुलगी समाजकार्य करणारी, बापाला चार खडे बोल सुनावणारी आणि नीरेची बाजू घेणारी. शकुंतलाबाई स्वतः संततिनियमनाच्या कार्यांत पडलेल्या, म्हणजे त्यांना भूमिकेसाठीं मूर्ति उसनी घ्यावी लागली नाहीं. पडद्यावर जें बोलावयाचें तेंच घराबाहेर बोलण्याची त्यांना संवय होती. शांताबाईंच्या बाबतींत मूर्ति अगोदर पडद्यावर तयार झाली. मग ती खालीं उतरली. १९३९ सालीं करारासंबंधींच्या वादांत त्या प्रभात कंपनीच्या दारांतच उपोषणास बसल्या. एका नामवंत नटीनें स्टुडिओच्या फाटकाशीं ठाण मांडावें, हें दृश्य त्या काळीं अपूर्व होतें. ज्यांनीं ‘कुंकू’ पाहिला होता त्यांना नीरा आठवल्यावांचून राहिली नसेल. आणि ज्या कंपनीनें नीरेला बंड शिकविलें तिच्याच दारांत तें बंड येऊन बसावें, यांतला काव्यगत न्याय पाहून कित्येकांना मौजहि वाटली असेल. उपोषण करणारीला मात्र ती मौज नव्हती. पुढच्याच वर्षीं, १९४० सालीं, त्यांनीं ‘जाऊं मी सिनेमांत?’ या नांवाचें पुस्तक लिहिलें. ज्या मुली त्यांच्यासारखें होऊं पाहत होत्या त्यांच्यापुढें ठेवलेला तो प्रश्न होता, आणि तो विचारण्याचा अधिकार शांताबाईंइतका क्वचितच कोणाला असेल.

१९४१ सालीं त्याच शांताबाई एका तामिळ चित्रपटांत सावित्री झाल्या. त्यांत नारदाचें काम एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनीं केलें होतें. नवर्‍याला झिडकारणारी नीरा आणि यमाकडून नवरा परत आणणारी सावित्री, दोन्ही एकाच चेहर्‍यावर. महाराष्ट्राला मात्र नीराच लक्षांत राहिली. शांताबाई १९६४ सालीं वारल्या.

हीं माणसें निदान स्वतःच्या आवाजांत गात होतीं. पार्श्वगायन सार्वत्रिक झाल्यावर मूर्तीचे दोन तुकडे झाले. १९४९ सालच्या ‘महल’ या हिंदी चित्रपटांतील एका अत्यंत लोकप्रिय गाण्याची तबकडी निघाली तेव्हां तीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हें नांव छापलेलें होतें. कामिनी हें चित्रपटांतील पात्राचें नांव! पडद्यावर मधुबाला दिसत होती, आवाज लता मंगेशकर यांचा होता, आणि तबकडीवर जी गात होती ती जगांत कोठेंच नव्हती. तें गाणें नभोवाणीवर लागूं लागलें तेव्हां श्रोत्यांनीं ही गाणारी कोण अशी विचारणा केली. मग तबकडी काढणार्‍या कंपनीकडून खरें नांव मिळवून तें सांगावें लागलें. चित्र दिसत नव्हतें म्हणूनच ऐकणार्‍यांना आवाजाचें नांव विचारावेंसें वाटलें, हें येथें विसरूं नये. चित्रपटगृहांत बसलेल्याला तो प्रश्न पडण्याचें कारणच नव्हतें. गाणारी त्याला समोर दिसत होती.

शब्द एकाचे, मूर्ति दुसर्‍याची, आणि तरी दोन्ही एकजीव झालीं, याचें अलीकडील काळांतील एक उदाहरण अमेरिकेंतलें आहे. तिसर्‍या चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं तें सांगितलें पाहिजे, कारण त्याच्या उजेडांत तो अधिक स्पष्ट दिसतो. नाइन इंच नेल्स या नांवानें गाणार्‍या ट्रेंट रेझ्नर या तरुण गायकानें १९९४ सालीं एक गाणें प्रसिद्ध केलें; मनुष्य स्वतःच स्वतःला जखम करून पाहतो, असा त्याचा विषय. तरुणाच्या तोंडीं तो तरुणाचा उद्वेग वाटे. २००२ सालीं तेंच गाणें जॉनी कॅश या सत्तरीच्या गायकानें ध्वनिमुद्रित केलें. हा गायक नेहमीं काळे कपडे घालून गाणारा, तुरुंगांतल्या कैद्यांपुढें गाणारा, व्यसनांतून आणि श्रद्धेंतून सारख्याच वेगानें गेलेला. मार्क रोमानेक या दिग्दर्शकानें त्याची चित्रफीत काढली ती गायकाच्या टेनेसीमधील घरांत, आणि त्याच्याच नांवाच्या, बंद पडून मोडकळीस आलेल्या संग्रहालयांत. थरथरणारा हात, मेजावर मांडलेली पण कोणी न खाल्लेली मेजवानी, मध्येंच तरुणपणींच्या जुन्या चित्रांतील उसळता कॅश, आणि जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे पाहणारी त्याची पत्नी जून. शेवटीं तो पियानोचें झांकण मिटतो. शब्दांत जवळजवळ कांहींच बदललें नव्हतें. पण ज्या शब्दांत उद्वेग होता त्यांत आतां हिशेब आला. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं, मे २००३ मध्यें जून वारली, आणि सप्टेंबरांत कॅशहि गेला. मूळ कवीनें पुढें मोकळ्या मनानें कबूल केलें कीं हें गाणें आतां आपलें राहिलेलें नाहीं.

जॉनी कॅशला एका गोष्टीची सवड मिळाली. त्याची म्हातारी मूर्ति त्याच्या तरुण मूर्तीशेजारीं उभी राहिली, आणि तीं दोन्ही चित्रें एकाच गाण्यांत लोकांनीं पाहिलीं. १९३९ सालच्या ‘माणूस’ या चित्रपटांतील नायिकेला ही सवड मिळाली नाहीं.

‘माणूस’ हाहि व्ही. शांताराम यांचाच. गणपत नांवाचा एक सरळमार्गी पोलीस शिपाई आणि मैना नांवाची वेश्या यांची ती कथा. गणपताला वाटतें कीं मैनेला त्या गल्लींतून बाहेर काढून घरांत आणतां येईल. मैनेलाहि कांहीं काळ तसें वाटतें. पण तिचें गतायुष्य तिचा हात सोडीत नाहीं. गणपत शाहू मोडक, मैना शांता हुबळीकर. चाली मास्टर कृष्णरावांच्या, पदें अनंत काणेकरांचीं. त्यांतील ‘कशाला उद्याची बात’ हें गाणें महाराष्ट्रांत ज्याला ठाऊक नाहीं असा वृद्ध मनुष्य मिळणें कठीण. मैना गिर्‍हाइकांपुढें गाते. गिर्‍हाइकें निरनिराळ्या प्रांतांतलीं, म्हणून एकच गाणें मराठींत सुरू होऊन एकामागून एक निरनिराळ्या भाषांत शिरतें, आणि प्रत्येक भाषेबरोबर मैनेची ढब, चाल आणि हंसणें बदलतें.

या गाण्यांत शब्द, दृश्य आणि मूर्ति यांचा जो खेळ आहे त्याला तोड नाहीं. शब्द सांगतात, उद्यांची चिंता नको, आजचा दिवस हंसून घालवा. नुसते वाचले तर हें एक बेफिकीर पद आहे. दृश्य सांगतें कीं हें वेफिकीर हंसणें विकावयाला मांडलेलें आहे. ज्याची जी भाषा त्याला त्या भाषेंत तें मिळेल. आणि गाणारी कोण? जिला उद्यां नाहींच, ती. उद्यांची बात कशाला, असें ती गिर्‍हाइकांना विचारते तेव्हां तो उल्हास नसतो; तो तिच्या जगण्याचा नियम असतो. गणपताच्या येण्यानें तिला पहिल्यांदा उद्यां दिसूं लागतो, आणि तेथेंच तिच्या दुःखाला सुरुवात होते. म्हणजे सबंध चित्रपटानें जें सिद्ध करावयाचें तें गाण्यांत अगोदरच सांगून टाकलेलें आहे, पण उलट्या बाजूनें. दिग्दर्शकानें येथें कोठेंहि अश्रु दाखविले नाहींत, करुण स्वर लावला नाहीं. मैना हंसत राहते. प्रेक्षकालाहि आधीं तिच्याबरोबर ठेका धरावासा वाटतो, आणि ठेका धरतां धरतां आपण त्या माडीवरच्या गिर्‍हाइकांतच जाऊन बसलों आहों हें मागाहून त्याच्या ध्यानांत येतें.

त्या चित्रपटांत त्या काळच्या गोड गोड प्रेमगीतांची भरपूर थट्टाहि करून घेतली आहे. झाडाला टेकून, मान तिरपी करून, ठराविक अंतरावर उभें राहून प्रेम कसें करावयाचें याची ती नक्कल पाहिली म्हणजे कळतें कीं पडद्यावरचीं गाणीं कशीं खोटीं होतात हें या मंडळींना पुरें ठाऊक होतें. ज्याला खोटें ओळखतां येतें त्यालाच मैनेचें गाणें सुचूं शकतें.

शांता हुबळीकर मूळच्या धारवाड भागांतल्या; त्यांची मातृभाषा कानडी. मैनेच्या अनेक भाषांच्या गाण्यांत मराठी ही देखील त्यांना शिकून घेतलेलीच भाषा होती. त्या वेळीं त्या पंचविशीच्या आसपास होत्या. गाणें लोकांच्या तोंडीं बसलें, तबकड्या खपल्या, आणि बाईंना तें गाणें कायमचें चिकटलें. अशा भूमिकेचा आणखी एक कर नटीला भरावा लागतो. पागनीसांना तुकोबा समजणार्‍या समाजांत मैनेला मैना समजणारे असणार, यांत नवल नाहीं. फरक एवढाच कीं संत समजल्या गेलेल्याला लोक वांकून नमस्कार करतात. शांताबाईंनीं मोजकींच वर्षें चित्रपटांत काढलीं. मग त्या लोकांच्या नजरेआड झाल्या. उत्तरायुष्य सुखाचें गेलें नाहीं. गाणें मात्र लग्नाच्या मांडवांत, गणेशोत्सवांत, नभोवाणीवर, पुढें दूरचित्रवाणीवर वाजतच राहिलें. तें ऐकून डोलणार्‍यांपैकीं कितीकांच्या मनांत आलें असेल कीं ही बाई अजून आहे, आणि कोठें तरी उद्यांचीच बात करीत बसली आहे?

१९९० सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. त्या वेळीं वय पंचाहत्तरीच्या घरांत. पुस्तकाला नांव दिलें ‘कशाला उद्याची बात’. दुसर्‍यानें लिहिलेले, तिसर्‍यानें चाल लावलेले आणि एका काल्पनिक वेश्येच्या तोंडीं घातलेले तीन शब्द. पन्नास वर्षें ते सांभाळून बाईंनीं ते स्वतःच्या आयुष्यावर मथळा म्हणून लिहिले. या वेळीं पडदा नव्हता, ठेका नव्हता, गिर्‍हाइकें नव्हतीं. पुस्तक हातांत घेणार्‍याला तीन शब्द दिसतात, त्यांखालीं लेखिकेचें नांव दिसतें, आणि कानांत आपोआप चाल सुरू होते. मग पानें उलटावयाचीं ती चाल कानांत घेऊनच. दोन वर्षांनीं, १९९२ सालीं, शांताबाई गेल्या.

‘माणूस’ची प्रत शिल्लक आहे. हल्लीं तें गाणें ज्याला हवें त्याला घरबसल्या केव्हांहि लावून पाहतां येतें. लावलें कीं मैना येते, पदर सांवरते, ओळखीचें हंसते, आणि समोर कोण बसलें आहे तें पाहून भाषा बदलते.